पहिली बैठक म्हणजे चहा आणि गुच्छ? एका प्रतिक्रियेला उत्तर

'जागरूक करदाता' या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

संसदेच्या आणि विधिमंडळाच्या समित्या पहिल्या बैठकीत आपल्या कामाची घडी कशी बसवतात, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. इतरांना संदर्भ कळावा म्हणून ती इथे उतरवून घेते. तुम्ही लिहिलंत: "ताई, पहिली बैठक म्हणजे गुच्छ, चहा आणि फोटो. अध्यक्ष वरून ठरतो, विषय अधिकारी छापून आणतात आणि सदस्य सही करून भत्ता घेतात. समिती स्वतः काही ठरवते हे फक्त तुमच्या पुस्तकात. निम्मे सदस्य बैठकीला येतच नाहीत, त्यावर एक ओळ नाही. विभागीय समित्यांचा पत्ता नाही. गणपूर्ती आणि उपसमित्या कोणाला वाचायच्यात? लेख निम्म्याने कमी करा."

आधी शेवटच्या वाक्याबद्दल. लेख लांबला, हे मान्य. गणपूर्तीचा, म्हणजे बैठकीला किमान किती सदस्य लागतात याचा भाग दोन परिच्छेदांत बसला असता. तेवढं तुमच्या बाजूने लिहून ठेवते.

आता सूर. मला ताई म्हणण्याबद्दल तक्रार नाही, इथले कितीतरी वाचक तसंच म्हणतात आणि ते आवडतं. पण तुमच्या प्रतिक्रियेतली 'ताई' म्हणजे हात धरून खुर्चीवर बसवून 'तुला काय कळतंय' सांगणारी आहे. मतभेद असावा, कडकही असावा. मात्र ज्याने आयुष्य एका कामात घातलंय त्याला ते काम म्हणजे चहा आणि गुच्छ होतं असं सांगायचं असेल, तर निदान त्याने काय लिहिलंय ते पूर्ण वाचावं. तुम्ही वाचलेलं नाही. अध्यक्षांची नेमणूक कोण करतं हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे, आणि तुम्ही ते मला नव्याने सांगताय.

तर, 'अध्यक्ष वरून ठरतो'. लोकसभेच्या कामकाज नियमांतला नियम २५८ हेच सांगतो. समितीच्या सदस्यांतून अध्यक्षाची नेमणूक लोकसभा अध्यक्ष करतात, आणि लोकसभेचे उपाध्यक्ष त्या समितीचे सदस्य असतील तर अध्यक्षपद त्यांच्याकडे जातं. म्हणजे अध्यक्ष निवडणं हे पहिल्या बैठकीचं काम नाही, आणि तसं मी कुठेही म्हटलेलं नाही. आपल्याकडे ही एकच रीत होती असंही नाही. घटना समितीने मसुदा समिती नेमली २९ ऑगस्ट १९४७ रोजी. दुसऱ्याच दिवशी, ३० ऑगस्टला, तिची पहिली बैठक झाली आणि सात सदस्यांच्या त्या समितीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपला अध्यक्ष निवडलं. समितीत अल्लादी कृष्णस्वामी अय्यर होते, गोपालस्वामी अय्यंगार होते, कन्हैयालाल मुन्शी होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं की समितीवर निवड झाली तेव्हा आश्चर्य वाटलंच, पण समितीने अध्यक्ष केलं तेव्हा त्याहून जास्त वाटलं, कारण तिथे आपल्यापेक्षा मोठी आणि अधिक सक्षम माणसं होती. पहिल्या बैठकीत काही ठरत नाही म्हणणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवावी.

आणि अध्यक्ष वरून आला म्हणून समिती त्याच्या मुठीत जाते, असंही होत नाही. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचंच घ्या. ती १९२१ पासून आहे, आणि १९५० पर्यंत तिचं अध्यक्षपद सरकारच्या अर्थखात्याच्या सदस्याकडेच असायचं. म्हणजे खर्च करणाराच तपासणार. पुढे मंत्री समितीवर येऊच शकत नाही असं ठरलं. १९६७ मध्ये मिनू मसानी अध्यक्ष झाले तेव्हापासून ते पद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत पडला. हा नियम नाही, संकेत आहे, तरी तो टिकला. वाजपेयी या पदावर होते, नरसिंह राव होते, मुरली मनोहर जोशी होते, मल्लिकार्जुन खर्गे होते. अध्यक्ष विरोधी बाकावरचा आणि बहुमत सरकारी बाकाचं, अशी ही समिती. मग कामाची घडी आधी नीट बसली नाही तर काय होतं?

२८ एप्रिल २०११ ला काय झालं ते आठवा. टू-जी स्पेक्ट्रम वाटपावरचा मसुदा अहवाल लोकलेखा समितीपुढे होता, समितीची मुदत दोन दिवसांत संपत होती. गोंधळात अध्यक्ष जोशी बैठक सोडून गेले. उरलेल्यांनी सैफुद्दीन सोझ यांना अध्यक्षस्थानी बसवलं आणि २१ पैकी ११ सदस्यांनी मसुदा फेटाळला. नियम २५८ चं तिसरं पोटकलम म्हणतं की अध्यक्ष गैरहजर असेल तर त्या बैठकीपुरता सदस्यांपैकी एकाला बसवता येतं. पण अध्यक्षाने बैठक संपवल्यावर ती बैठक उरते का? यावर दोन्ही बाजू आपापलं बरोबर म्हणत राहिल्या. अखेर जोशींनी पाठवलेला अहवाल लोकसभा अध्यक्ष मीरा कुमार यांनी परत केला. वर्षभराचं काम त्या एका दुपारी अडकलं. मसुदा सदस्यांना किती दिवस आधी मिळणार, दुरुस्त्या लेखी घेणार की तोंडी, मतभेद असतील तर मतदान कसं, हे सुरुवातीलाच ठरवायचं असतं. 'वरून ठरतो' या दोन शब्दांत हे कुठे बसतं ते तुम्हीच सांगा.

आता 'विषय अधिकारी छापून आणतात'. खरं सांगते, तुमच्या प्रतिक्रियेतलं हे एकच वाक्य मला झोंबलं, कारण ते छापून आणणारी मी होते.

माझी नोकरी विधिमंडळाच्या सचिवालयात, समिती शाखेत झाली. लिपिक म्हणून लागले आणि कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. पहिल्या बैठकीची फाईल आम्ही तयार करायचो, नागपूरच्या अधिवेशनाला ती पेट्यांत भरून न्यायचो. तिच्यात नियमांची प्रत असायची, मागच्या समितीने अर्धवट सोडलेल्या विषयांची यादी असायची, सरकारकडून उत्तर न आलेल्या शिफारशी असायच्या आणि लेखापरीक्षण अहवालांतल्या परिच्छेदांची, म्हणजे एकेका आक्षेपाची, टिपणी असायची. लोकसभेतही तसंच असतं. पहिल्या बैठकीपुढे विषयांच्या निवडीचं ज्ञापन, म्हणजे टिपण, येतं आणि ते सचिवालयच लिहितं. मग छापून आणलं, यात चुकलं काय? शेकडो परिच्छेदांतून निवड करायला समोर काहीतरी मांडावं तर लागेल. पण मांडणारा निवडत नाही. आमच्या यादीवर पेन्सिलने रेघा मारून ती उलटीपालटी केलेली मी पाहिली आहे. मागच्या समितीने सोडून दिलेलं पाणीपुरवठ्याचं एक जुनं प्रकरण आम्ही यादीच्या शेवटी, केवळ नोंद म्हणून ठेवलं होतं. पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका सदस्याने विचारलं, "हे सोडायचं कोणी ठरवलं?" समिती प्रमुखांनी ते पहिल्या पाचांत घेतलं आणि त्या वर्षी विभागाच्या सचिवांची साक्ष त्यावरच झाली. आत काय बोलणं झालं याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही. समितीचं कामकाज गोपनीय असतं आणि निवृत्त झाले म्हणून ते बंधन सुटलं असं मी मानत नाही.

हे जुनं वाटत असेल तर अगदी अलीकडचं घ्या. २०२४ मध्ये के. सी. वेणुगोपाल लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले. वर्षाच्या विषयांत संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या नियामक संस्थांच्या कामगिरीचा आढावा आला, आणि शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबीसारखी संस्था समितीपुढे येणार असं दिसताच सत्ताधारी सदस्यांनी हरकत घेतली की समितीने हा विषय स्वतःहून घेतलाच कसा. २४ ऑक्टोबरला सेबीच्या अध्यक्षा माधवी पुरी बुच आल्या नाहीत आणि बैठक तहकूब करावी लागली. विषयांची यादी ही नुसती अधिकाऱ्यांची छपाई असती, तर तिच्यातल्या एका ओळीवरून खासदारांनी एवढं रान का उठवलं असतं? ज्या विषयाची निवड होत नाही त्याचं काय होतं, हे मी शाखेत बसून पाहिलंय. विभाग लेखी खुलासा पाठवतो, तो फाईलला लागतो आणि सचिवाला समोर बसवून प्रश्न विचारायची वेळ कधी येत नाही. समितीला मिळतं एक वर्ष. त्यात अधिवेशनं, दौरे, सणवार. खरोखर तपासून होतात ते मोजके विषय. म्हणून मी पहिल्या बैठकीवर लिहिलं आणि पुन्हा लिहीन.

विधेयकांवरच्या संयुक्त समित्यांतही हेच दिसतं. एक देश एक निवडणूक या विधेयकांवरच्या समितीची पहिली बैठक ८ जानेवारी २०२५ ला झाली. सदस्य ३९. हातात १८ हजारांवर पानांचे कागद, तेही चाकांच्या बॅगेत. ते वाचायला वेळ किती, कोणाला ऐकायला बोलवायचं, कुठल्या राज्यांत जायचं, यावर पुढचं सगळं अवलंबून. याउलट बोफोर्सच्या वेळी, १९८७ मध्ये, प्रमुख विरोधी पक्षांनी संयुक्त समितीवर बहिष्कार टाकला. त्यामागचा त्यांचा राग मी समजू शकते. पण साक्षीदारांची यादी ठरताना हरकत घ्यायला ते खोलीतच नव्हते, आणि अहवाल आल्यावर बाहेरून ओरडून उपयोग झाला नाही.

आपल्या महाराष्ट्राचं उदाहरण मुद्दाम देते, कारण इथे तुमचं 'वरून' थोडं लागू पडतं. संसदेत संयुक्त समितीचं अध्यक्षपद सहसा मंत्र्याकडे जात नाही. आपल्याकडे जातं. शक्ती विधेयकाची संयुक्त समिती आधी अनिल देशमुख आणि मग दिलीप वळसे-पाटील यांच्याकडे होती, दोघेही त्या त्या वेळी गृहमंत्री. जनसुरक्षा विधेयकाची समिती महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्याकडे होती. तिच्याकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. मंत्रीच समोर बसलेला असताना त्या सूचना कोण वाचणार, कशा गटवार लावणार, कोणाला प्रत्यक्ष ऐकणार, हे पहिल्याच बैठकीत सदस्यांनी मागून घ्यावं लागतं. नाही मागितलं तर ते पुढे कोणी आणून देत नाही. तुम्हाला टीकाच करायची होती तर इथे करायची होती. ती मी आनंदाने वाचली असती.

भत्त्याबद्दल मी उत्तर देणार नाही. प्रत्येक चर्चेत भत्ता आणला की टाळी मिळते, एवढंच त्याचं काम. सदस्य येत नाहीत म्हणता. लागोपाठ दोन बैठकांना परवानगीशिवाय गैरहजर राहणाऱ्याला समितीतून कमी करण्याचा प्रस्ताव सभागृहात आणता येतो, आणि अंदाज समितीसारख्या ३० जणांच्या समितीला १० जण तरी लागतातच. पुरे. तो वेगळा विषय आहे आणि माझा लेख त्यावर नव्हता.

गणपूर्ती आणि उपसमित्या कोणाला वाचायच्यात, असं विचारता. मला. आणि ज्यांनी त्या लेखाखाली नियमांचे क्रमांक विचारले त्यांना. उपसमितीला मूळ समितीइतकेच अधिकार असतात आणि तिचा अहवाल पूर्ण समितीने मान्य केला की तो समितीचाच ठरतो. तिच्यावर कोण जाणार आणि तिला नेमकं काय सोपवलंय हे स्पष्ट लिहावं लागतं. हे ज्याला कंटाळवाणं वाटतं त्याने स्वतःला जागरूक म्हणवून घेताना जरा विचार करावा. हे कडक झालं असेल, पण मागे घेत नाही.

राहिल्या विभागीय समित्या, म्हणजे मंत्रालयांच्या कामावर नजर ठेवणाऱ्या संसदेच्या समित्या. १९९३ मध्ये १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. अनुदानाच्या मागण्या, म्हणजे मंत्रालयांनी वर्षाच्या खर्चासाठी मागितलेले पैसे, त्यांच्याकडे तपासायला जातात, म्हणून त्यांचं वर्षाचं वेळापत्रकच निराळं असतं, आणि म्हणूनच त्यांना मी या लेखात घेतलं नाही. त्यांच्यावर पुढच्या महिन्यात लिहिणार आहे.

तोवर एक करा. संसदेच्या संकेतस्थळावर कुठल्याही समितीचा कुठलाही अहवाल उघडा. शेवटी बहुधा त्या विषयावरच्या बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात. कोण हजर होतं, काय ठरलं, ते तिथे आहे, आणि त्यासाठी माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. ते वाचून झाल्यावर लिहा. उत्तर देईन.