आयर्विनला किती झालं?

साठीनंतर फेसबुकवर यायचं की नाही, या तुमच्या लेखातलं ‘साठीनंतर फेसबुकवर येणं म्हणजे एकटेपणाची कबुली’ हे वाक्य खटकलं. मी सांगलीच्या गावभागातली. आमच्याकडे पावसाळ्यात भेटेल तो आधी विचारतो, ‘आयर्विनला किती झालं?’ म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं? २०१९ च्या ऑगस्टमध्ये धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडून कृष्णा ५७ च्या वर गेली. पेपर सकाळी येणार, लाइट गेलेली, म्हणजे टीव्हीही बंद. शेजारची पोरगी जिन्यात उभी राहून मोबाईलमध्ये फेसबुकवरचे आकडे वाचायची आणि आम्ही चार म्हाताऱ्या खालच्या पायऱ्या मोजायचो. पाणी ओसरल्यावर घरातला चिखल काढला आणि पहिलं काम केलं ते फेसबुकवर खातं उघडायचं. तेव्हा मी ६४ वर्षांची होते. यात एकटेपणा कुठे आला?

लेखात राहून गेलंय ते वेगळंच. दोनच महिन्यांत कुणीतरी माझाच फोटो लावून दुसरं खातं काढलं नि माझ्या यादीतल्या सगळ्यांकडे पैसे मागितले. मिरजेहून वन्संचा फोन, ‘वहिनी, पाच हजार कशाला हवेत हो?’ मला घाम फुटला. मित्रयादी सगळ्यांना दिसते म्हणून हे जमतं. ती सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त मी’ करून ठेवायची. (हे नातवानं दाखवलं, तेही पुरणपोळीच्या बोलीवर.) यायचं की नाही यावर एवढं पान भरलंत, त्यात या दोन ओळी बसल्या असत्या की!