ए म्हणजे एक नंबर

आमच्या इमारतीच्या फलकावर परवाच्या सभेचं इतिवृत्त लागलंय. त्यात एक वाक्य आहे : 'एका सभासदाने पाइपांविषयी अनावश्यक चर्चा करून सभेचा वेळ घेतला.' तो सभासद मी. आणि सभा बोलावली होती ती ड्रेनेजचे पाइप बदलण्यासाठी! नवरदेवाने मांडवात येऊन उगाच गर्दी केली, असं म्हणण्यापैकीच हे झालं.

पार्श्वभूमी एवढीच की दादरच्या या इमारतीचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पाइप सडलेत. समोरून बघाल तर ठणठणीत. बीड सडतं ते पाठीमागून, भिंतीकडच्या अंगाने, जिथे रंगाऱ्याचा ब्रश कधी पोचतच नाही. त्यात खारी हवा, भिंतीची ओल, सांध्यात उगवलेला पिंपळ आणि फरशी चकचकीत करायला घरोघरी ओतलं जाणारं ॲसिड. पुन्हा बीडच बसवायचं तर सांध्यात तागाचा पीळ ठासून वर वितळलेलं शिसं ओतणारा कारागीर हवा. तो आता शोधून सापडत नाही. म्हणून पीव्हीसी. इथवर कुणाचंच भांडण नव्हतं.

टेबलावर दोन नमुने होते. दोन्ही 110 मिलिमीटरचे, दोन्ही राखाडी. आयएस 13592 या भारतीय मानकात या पाइपांचे दोन प्रकार आहेत. टाइप ए पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला, म्हणजे हवा जाण्याच्या पाइपाला. 110 च्या पाइपाची जाडी कमीत कमी 2.2 मिलिमीटर. टाइप बी संडास-मोरीच्या पाण्याला. जाडी कमीत कमी 3.2. एवढं सांगून मी खाली बसणार होतो, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले. हे काका निवृत्त झाल्यापासून समितीवर आहेत आणि बाराही महिने छत्रीसह आहेत.

"म्हणजे ए आणि बी असे दोन वर्ग आहेत तर."

"वर्ग नाहीत काका, प्रकार."

"तेच ते. मग आपण बी का घ्यायचा? आपल्या सोसायटीत काय कमी आहे?"

"बी जाड असतो."

"जाड असणं ही काय गुणवत्ता झाली?" असं म्हणून त्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी पोट आत घेतलं.

"मला सांगा, मुंबईत ए वॉर्ड कुठला?"

"फोर्ट, कुलाबा," दोघं-तिघं एकदम म्हणाले. या सभेत एवढ्या तत्परतेने आजवर कुणी मेंटेनन्सही भरलेला नाही.

"आणि बी?"

"डोंगरी, मशीद बंदर."

"झालं तर मग!"

"काका, आपण स्वतः जी नॉर्थमध्ये राहतो. त्या हिशेबाने..."

"विषयांतर नको. कोटेशन बघा. ए स्वस्त आहे! दर्जा वरचा, भाव खालचा. असा दुकानदार आजच्या काळात भेटतो का कुणाला?"

टाळ्या पडल्या. स्वस्त आहे कारण त्यात प्लॅस्टिक कमी आहे, हे माझं वाक्य त्या टाळ्यांत गेलं. मग काकांनी छत्रीच्या मुठीने दोन्ही नमुने ठोकून दाखवले. "ऐका. ए कसा खणखणीत! बी बद्द वाजतो." आता भिंत पातळ असली की पाइप वाजणारच. रात्री तीनला वरच्या मजल्यावर फ्लश झाला की शाफ्टला लागून झोपणाऱ्यांना हाच खणखणीतपणा उशाशी ऐकू येईल. बिडाचं एक बरं होतं, वजनदार असल्यामुळे आवाज पोटात ठेवायचं. पण ते ऐकायला कुणी रिकामं नव्हतं. ए बहुमताने मंजूर झाला.

खरा जीव सांध्यात असतो, म्हणून मी निदान तेवढं बोलून घेतलं. रबर रिंगचा सांधा घ्या. पाइपाचं टोक घासून निमुळतं करायचं, रिंग खोबणीत नीट बसवायची, साबणाचं पाणी लावून पाइप सॉकेटात, म्हणजे दुसऱ्या पाइपाच्या रुंद तोंडात, पुरता ढकलायचा, पेन्सिलीने खूण करायची आणि 10 मिलिमीटर मागे ओढायचा.

"आधी घुसवायचा आणि मग मागे ओढायचा?" काका कडाडले. "मग आधीच कमी घुसवा की! मजुरी वाढवायचे धंदे आहेत सगळे."

ते 10 मिलिमीटर पाइपाला लांबायला ठेवलेले असतात, काका. तापमानात 30 अंशांचा फरक पडला की 3 मीटरचा पीव्हीसी पाइप पाच-सहा मिलिमीटर लांबतो. पश्चिमेच्या भिंतीवरचं दुपारचं ऊन, त्यात कुणीतरी वडे तळून झाल्यावर ओतलेलं कढत पाणी. जागा नसेल तर तो मधेच वाकतो आणि सांधा सोडतो. क्लॅम्पही सॉकेटपाशी घट्ट, मधले जरा मोकळे ठेवायचे असतात. आमचा प्लंबर मात्र सगळेच आवळतो आणि सांध्यांना सरसकट सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, फासतो. त्याला रिंग दाखवली तर म्हणाला, "साहेब, ती वॉशिंग मशीनची असते."

सभा त्यानंतर बराच वेळ पाइपांना क्रीम रंग द्यावा की पिस्ता, यावर चालली. निदान ती चर्चा अगदीच वाया गेली नाही. उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतो आणि रंगाने त्याला थोडा आडोसा मिळतो. पण शेवटी खजिनदारांना आणखी एक बचत सुचली : गच्चीचं पावसाचं पाणी याच पाइपात सोडू, एक लाइन वाचेल. मुंबईत पावसाच्या पाण्याची गटारं वेगळी आणि मलवाहिन्या वेगळ्या. गच्चीचं पाणी मलाच्या लाइनीत सोडलं तर जुलैत चेंबर तुंबतं आणि पाणी वर चढून आधी तळमजल्याच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे मोरीच्या जाळीतून, बाहेर येतं. तळमजल्यावरचे गृहस्थ सभेला येत नाहीत. त्यामुळे तेही बिनविरोध. आता याला विनोद म्हणायचं असेल तर म्हणा. मला त्या माणसाची मोरी दिसते आणि डोकं फिरतं.

परांची बांधून झालीय, काम सुरू आहे. काल पायथ्याचा बेंड बसवला. तिथे 45 अंशांचे दोन बेंड जोडून सावकाश वळण द्यायला हवं होतं. 90 चा एकच बसवलाय, म्हणजे चिंध्या, डायपर, जे काही वरून येईल ते अडकणार तिथेच. बरं, अडकलं तर काढायला डोअर बेंड तरी आहे. पण त्याचं दार भिंतीकडे! चार बोटांवर भिंत. मी काकांना हाताला धरून खाली नेलं आणि दाखवलं. त्यांनी वाकून, छत्रीचं टोक आत घालून, सगळं नीट तपासलं.

"चांगलंय की," ते म्हणाले. "कुणी येता-जाता उघडणार नाही."