मेंटेनन्सवाल्याला कोण विचारतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. कामाच्या ठिकाणी 'पुढचा विचार करणारा माणूस' अशी ओळख कशी होते, यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत की हे सगळं केबिनमध्ये बसणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही म्हणता, नऊ वर्षं मेंटेनन्सला काढली. मशीन बंद पडलं की सगळे शोधत येतात, चालू असलं की कुणी ओळखही दाखवत नाही. आणि पुढे जातो तो मीटिंगमध्ये इंग्रजीत चार शब्द फेकणारा.

हा शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे चूक माझी आहे. 'मीटिंगमध्ये बोला' असं मी लिहिलं होतं, ते मागे घेते. नुसतं बोलणारा दिसतो खरा, पण अडचण आली की त्याला विचारायला कुणी जात नाही.

बाकीचं मात्र पटलं नाही. मी चाकणच्या एका कारखान्यात परचेसला होते तेव्हा आमच्या स्टोअरमध्ये एक डिप्लोमावाला मुलगा होता. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेले सुटे भाग, वेळेवर यायची नाहीत, लाइन थांबायची, मग रातोरात वेगळा टेम्पो पाठवायचा. दर महिन्याला तीच रड, आणि दर महिन्याला आम्ही फाउंड्रीवाल्याला फोनवर झापायचो. या मुलाने सहा महिन्यांची गेटची नोंदवही घेतली आणि तातडीच्या प्रत्येक टेम्पोसमोर एकच गोष्ट लिहिली: त्या मालाचं शेड्यूल आपण शेवटचं कधी बदललं? जवळजवळ प्रत्येक वेळी आम्हीच वीस तारखेनंतर आकडे फिरवले होते. तोवर तिकडे दुसऱ्याच पार्टचं मेटल ओतून झालेलं असायचं.

इथपर्यंत कुणीही हुशार माणूस पोचला असता. त्याने त्या पानाखाली आणखी दोन ओळी लिहिल्या. वीस तारखेनंतर त्या महिन्याच्या शेड्यूलला हात लावायचा नाही. आणि त्यासाठी सेल्सला महिन्यातून एखाद्या ग्राहकाला 'या महिन्यात जमणार नाही' म्हणावं लागेल. काय करायचं आणि त्यासाठी काय सोडावं लागेल, हे एकाच कागदावर होतं. मला विचाराल तर स्ट्रॅटेजी म्हणतात ती एवढीच. त्या पानावर इंग्रजीचं एक वाक्य नव्हतं.

हे काही आजचं नाही. खडकवासल्याचंच घ्या. धरण भरलं की दर पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जायचं आणि पुढे टंचाई. पाणी जास्त साठवायचं तर भिंत उंच करा, हा कुणालाही सुचणारा उपाय, आणि खर्चाचा. सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करणाऱ्या विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर आपोआप उघडमीट करणारे दरवाजे बसवले. साल १९०३. तसेच दरवाजे पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागरावर गेले. सांडव्यावरून जाणारं पाणी तर सगळेच दरवर्षी बघत होते!

तुमच्या मनातला खरा सल वेगळा आहे असं वाटतं: आपण डोकं चालवायचं आणि नाव दुसऱ्याचं व्हायचं. होतं तसं. त्या मुलाचं पान आमच्या मॅनेजरने स्वतःच्या नावावर वर नेलं. मी त्याच खोलीत होते आणि गप्प बसले, याचं मला अजून वाईट वाटतं. पण आकडे तपासून घ्यायला म्हणून तो मुलगा आधीच प्रॉडक्शन आणि सेल्सच्या लोकांकडे जाऊन आला होता. त्यामुळे कागद कुणाचा हे चार जणांना ठाऊक होतं. पुढच्या वेळी प्लॅनिंगचा विषय निघाला तेव्हा प्रॉडक्शनच्या साहेबांनीच 'स्टोअरच्या त्या पोराला बोलवा' म्हटलं. वर्षभरात तो प्लॅनिंगला गेला.

तुमच्याकडे तर ब्रेकडाउन रजिस्टर आहे. नऊ वर्षांचं! मशीन किती तास बंद होतं हे त्यात असणारच. त्याच्या शेजारी एक रकाना वाढवा: त्या वेळी कुठल्या ग्राहकाचा माल अडला. मागचे तीन महिने पुरेत. एकच मशीन पुन्हा पुन्हा वर आलं, तर ते किती दिवस आणि कुठल्या आठवड्यात बंद ठेवून नीट करायचं, हे प्रॉडक्शनच्या माणसाबरोबर बसून ठरवा आणि मगच कागद वर द्या.

आणि कुठलं मशीन निघालं ते मला इथे नक्की कळवा. मी वाट बघते.