नावात ‘केस झडवणारा’ आहे म्हणून केस झडत नसतात

परवा आठवीतल्या भाचीने मला तिच्या तक्त्याचा फोटो पाठवला. विषय सी स्लग, म्हणजे समुद्रातल्या बिनशंखाच्या गोगलगायी. चित्रं झकास काढली होती. मजकूर मात्र गेले कित्येक दिवस प्रत्येक ग्रुपवर फिरतोय तोच: ‘५ रहस्यमय समुद्री गोगलगायी: शास्त्रज्ञ तुमच्यापासून काय लपवतात?’ आणि तिचा प्रश्न एवढाच, “मावशी, ‘लपवतात’ला लाल स्केचपेन वापरू का?”

पाच मुद्दे आहेत. क्रमाने जायची माझी तयारी नाही, कारण दुसऱ्याच मुद्द्याला डोकं फिरलं.

तो समुद्री सशाबद्दल, हीही एक सी स्लगच: ‘समुद्री सशाला नुसता हात लागला तरी टक्कल पडते. विश्वास नसेल तर शास्त्रीय नाव बघा, अप्लिसिया डेपिलान्स!’

बघितलं. डेपिलान्स म्हणजे केस काढणारा. अर्थ बरोबर आहे, पण तो कोणी प्रयोग करून, डोकी मोजून ठेवलेला नाही. पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने लिहून ठेवलं की हा प्राणी जहरी, गरोदर बाईने नुसता पाहिला तरी गर्भपात होतो. असल्या धास्त्या शतकानुशतकं एका ग्रंथातून दुसऱ्यात उतरत आल्या आणि अठराव्या शतकात नावं द्यायची वेळ आली तेव्हा त्यातलीच एक लॅटिन नाव होऊन बसली. आज या जातीपुढे ‘ग्मेलिन, १७९१’ असं लिहितात, म्हणजे नाव देणारा आणि साल. मग चूक आहे तर नाव बदलत का नाहीत? कारण तसा नियम आहे. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता आहे, ती इंटरनेटवर फुकट वाचता येते. तिचं कलम १८ सांगतं की अर्थ चुकीचा किंवा गैरलागू आहे एवढ्या कारणावरून नाव टाकून देता येत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, हे संहितेला चक्क मंजूर आहे. नाहीतर दर पिढीला कोणीतरी उठून हजारो नावं ‘सुधारत’ बसलं असतं.

समुद्री ससे शेवाळातली विषारी द्रव्यं अंगात साठवतात, डिवचले तर जांभळी शाई सोडतात, हे खरं. ते खाऊ नयेत. पण टक्कल? याच अप्लिसियाच्या कॅलिफोर्नियातल्या जातीवर स्मरणशक्तीचं काम करून एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं. त्यांचा कुठलाही फोटो काढून बघा.

एवढी भीती घालून हाच मेसेज पहिल्या मुद्द्यात म्हणतो की ‘नुकताच सापडलेला’ निळा ड्रॅगन पूर्ण निरुपद्रवी आहे, तळहातावर घेऊन फोटो काढा. इथे मात्र मला राग आला. निळा ड्रॅगन, ग्लॉकस अटलांटिकस, हा पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर नावाचा डंख मारणारा जेलीफिशसारखा प्राणी खातो आणि त्याच्या डंखपेशी न पचवता स्वतःच्या बोटांसारख्या फाट्यांच्या टोकांत साठवतो. तोच उसना डंख तळहाताला बसतो. म्हणजे ज्याने केस जात नाहीत त्याला घाबरा, आणि जो खरंच डंख मारतो त्याला उचलून घ्या! ‘नुकताच’ म्हणाल, तर त्याचं नाव फोर्स्टरने १७७७ मध्ये दिलंय. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीतली गोष्ट.

तिसरा मुद्दा, पानमेंढी ‘अर्धी वनस्पती’ आहे आणि तिच्यासाठी प्राणी-वनस्पतींखेरीज वेगळी सृष्टीच काढली. नाही काढली. कोस्टासिएला कुरोशिमे, इचिकावा, १९९३. जपानच्या कुरोशिमा बेटावरून नाव. ती शेवाळातला रस शोषते आणि त्यातली हरितलवकं काही काळ अंगात जपते. चोरीचा माल घरात ठेवला म्हणून कोणी त्या मालाचा नातेवाईक होत नाही.

आता चौथा, जो भाचीला सगळ्यात पटला होता: ‘एकाच गोगलगायीला तीन-तीन नावे, स्पेलिंगही बदलतात, सगळे गुपचूप. आता तर अख्खा गटच रद्द केला!’

एक नाव उघडून बघू. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरची पांढरी, लाल ठिपक्यांची, पिवळ्या काठाची गोगलगाय: गोनिओब्रँकस स्प्लेंडिडस (अँगस, १८६४). अँगसने तिला गोनिओडोरिस स्प्लेंडिडा म्हटलं. नंतर ती क्रोमोडोरिस स्प्लेंडिडा झाली. २०१२ मध्ये जॉन्सन आणि गॉसलाइनर यांनी डीएनएवरून या कुळाची फेरमांडणी केली, तेव्हा ती गोनिओब्रँकसमध्ये आली. तीन नावं, कबूल. पण अँगसभोवतीचा कंस पाहिलात? तो शोभेचा नाही. ज्याने जात प्रथम वर्णिली त्याने ती दुसऱ्या प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे नावाचा पहिला शब्द ज्या गटाचा त्यात) ठेवली होती, पुढे हलवली, एवढं तो कंस सांगतो. हलवलं नसेल तर कंस येत नाही. गुपचूप बदलणारे लोक बदलाची खूण नावाशेजारीच लावून ठेवतील का?

आणि ‘स्पेलिंग’! डोरिस स्त्रीलिंगी, म्हणून स्प्लेंडिडा. ब्रँकस पुल्लिंगी, म्हणून स्प्लेंडिडस. पांढरी घोडी, पांढरा घोडा. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागतंय, काय म्हणायचं.

गट रद्द झाला हेही खरं, पण कोणता आणि का ते मेसेजमध्ये नाही. मिल्न-एडवर्ड्सने १८४८ मध्ये ओपिस्थोब्रँकिया हा गट केला. कल्ले हृदयाच्या मागे असणारे ते यात. पुढे जनुकं तपासल्यावर दिसलं की यातली काही मंडळी, वरची पानमेंढीसुद्धा, आपल्याच गटातल्यांपेक्षा फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या जमिनीवरच्या गोगलगायींना जवळची आहे. मग गट मोडला. प्राणी होते तिथेच आहेत.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजाने. या प्राण्यांच्या नावांत गोंधळ बराच झाला. यांना शंख नाही, आणि मद्यार्कात टाकलं की रंग उडतो. कोपनहेगनचा रुडॉल्फ बर्ग हा डॉक्टर, गुप्तरोगांचा तज्ज्ञ, पण एकोणिसाव्या शतकात त्याने सी स्लगच्या ढिगाने जाती वर्णिल्या, त्यातल्या कितीतरी बाटलीत येऊन पोचलेल्या फिक्या गोळ्यांवरून. चिरून आतली दातांची पट्टी बघायची आणि लिहायचं. जिवंत प्राणी पाण्यात कसा दिसतो हे ठाऊक नसताना एकीच्या दोन जाती होणारच. मेसेज लिहिणाऱ्याने हे लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते.

पाचवा मुद्दा, ‘पैसे भरा, नाव तुमचं’. देणगीदाराचं नाव कधीकधी देतात. पण आधी जातीचं वर्णन रीतसर प्रसिद्ध व्हावं लागतं, नुसत्या पावतीवर नाव लागत नाही.

हे सगळं भाचीला फोनवर सांगितलं. रात्री नवा तक्ता आला. कंसांची गंमत तिला इतकी आवडली की निळ्या ड्रॅगनपुढेही ‘(फोर्स्टर, १७७७)’ लिहून मोकळी. तो अडीचशे वर्षांत कुठे हलला नाही, ते कंस खोड, म्हटलं.