डेव्हिड अब्राहम ख्रिश्चन नव्हते हो!

'नन्हे मुन्ने बच्चे' गाण्यातले जुन्या हिंदी सिनेमाचे नट डेव्हिड ख्रिश्चन होते असा मेसेज फिरतोय, पुरावा काय तर म्हणे नाव. अहो डेव्हिड हे मूळ हिब्रू नाव, ज्यूंचा राजा दावीद, येशूच्या जवळजवळ हजार वर्षं आधीचा. तेच अरबीत दाऊद, मग तेवढ्यावरून धर्म कसा ठरवणार?

त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. रायगडातल्या चौलवरून चेऊलकर, म्हणजे आपले मराठी बोलणारे बेने इस्राएली ज्यू. यांच्यात आडनावं अशीच, पेणकर, रोहेकर, किहिमकर. पूर्वी कोकणात हे लोक तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून शनिवार तेली म्हणायचे. नावं पण अस्सल कोकणी थाटाची, सॅम्युएलचा सामाजी, अब्राहमचा आबाजी. आडनाव वाचलं असतं तरी कळलं असतं की!