‘दहावी शिकलेल्या आशाताईला बाळातलं काय कळतं?’ एका फिरत्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर थोड्याफार फरकाने फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘शहरातल्या बाळाला बालरोगतज्ज्ञ आणि पाड्यावरच्या बाळाला चार दिवस ट्रेनिंग घेतलेली आशा, ही कसली समानता? तिला आजार काय कळणार? आता बाळंतपणं दवाखान्यातच होतात, मग घरोघरी जायचं कशाला? तोच पैसा डॉक्टरांवर खर्च करा.’ यातला राग समजू शकतो. माहिती मात्र चुकीची आहे.

आधी ते ‘चार दिवस’. आशा स्वयंसेविकेचं सुरुवातीचं प्रशिक्षण वेगळं असतं. त्यानंतर कौशल्यांचं २० दिवसांचं प्रशिक्षण पाच-पाच दिवसांच्या चार टप्प्यांत होतं आणि त्यात मोठा वाटा नवजात बाळाच्या काळजीचा असतो. टप्पे मुद्दाम पाडलेत. मधल्या काळात ताईने गावात बाळं तपासायची आणि जे अडलं ते घेऊन पुढच्या टप्प्याला यायचं. सलग वीस दिवस वर्गात बसवलं तर तिला परीक्षेपुरतं पाठ होईल, हात बसणार नाही.

‘तिला कळणार काय’ हा खरा आक्षेप आहे, त्यामुळे त्यावर जरा थांबू. ताईकडून निदानाची अपेक्षा नसते. ठरावीक खुणा अचूक पाहायच्या आणि वेळेत पुढे पाठवायचं, हे तिचं काम. श्वास मोजण्याचंच घ्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असले तर धोका. बाळ शांत असताना, अंगावर पीत नसताना, छाती-पोट उघडं करून पूर्ण ६० सेकंद मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं की सहज चुकतं, कारण तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच थांबतो, मग भराभर चालतो. आकडा ६० किंवा वर आला तर बाळ निवांत झाल्यावर पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही ६० किंवा वर आला तरच तो धरायचा. याच्या जोडीला श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, नाभीला पू आहे का, हातपाय ढिले पडलेत का, पोट फुगलंय का हे बघायचं. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आईला: आधी नीट प्यायचं, आता कमी पितं का? रडणं आधीपेक्षा क्षीण झालंय का? यातलं ‘आधीपेक्षा’ पहिल्यांदाच बाळ पाहणाऱ्या तज्ज्ञाला दिसत नाही. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी त्याच घरात जाऊन आलेल्या बाईला दिसतं.

हे जमतं याचा पुरावा आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना शिकवलं. तिथे नवजात मृत्युदर (जन्मलेल्या हजार बाळांमागे पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू) ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांत तो ५८ होता, ५९.६ झाला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या आरोग्यदूत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत आणि त्यांच्या कामावर बारीक देखरेख होती. सरकारी योजनेतली आशा इंजेक्शन देत नाही, ते एएनएम सिस्टरचं, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेचं काम. म्हणून गडचिरोलीचा आकडा जसाच्या तसा प्रत्येक गावाला चिकटवणं हीसुद्धा अतिशयोक्तीच.

‘बाळंतपण दवाखान्यात होतं’ हे बरंचसं खरं. पण साध्या बाळंतपणानंतर दोन दिवसांत, कधी त्याआधीच, आई-बाळ घरी येतात. नवजात मृत्यूंपैकी साधारण तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात. म्हणूनच दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाची घरी भेट असते. घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त.

‘पैसा डॉक्टरांवर घाला’ याला उत्तर छोटं आहे: दोन्ही लागतात. १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जिल्हा रुग्णालयातला नवजात कक्षच हवा. पण त्याचं वजन एवढं कमी आहे हे पाड्यावर कुणाला तरी कळायला हवं, गाडी बोलवायला हवी आणि वाटेत बाळ आईच्या उघड्या छातीला बांधून गरम ठेवायला हवं.

आता मेसेज लिहिणाऱ्याने जिथे बोट ठेवायला हवं होतं, ती जागा. वजनकाट्याला झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा राहिला, तर झोळीचं वजन बाळाच्या खात्यात जातं आणि कमी वजनाचं बाळ कागदावर ठीक दिसतं. थर्मामीटरचा सेल संपला की तो महिनोन्‌महिने तसाच. मग कुणी हात लावून पाहतं आणि फॉर्मवर ९८ लिहितं. मोबदलाही सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर मिळतो (२०११ मध्ये या घरभेटींची योजना आली तेव्हा २५० रुपये ठरला होता), त्यामुळे बाळापेक्षा फॉर्म पूर्ण करण्याकडे ओढ राहते. यात दोष ताईचा कमी, व्यवस्थेचा जास्त.

भाषेचंही तसंच. मेळघाटात आई कोरकू बोलते, धडगावात पावरी किंवा भिली, भामरागडात माडिया. ताई बहुधा तिथलीच असते, पण तिला शिकवलं जातं प्रमाण मराठीत. ‘स्तनपानात घट’ हे शब्द वहीत राहतात आणि घरी गेल्यावर प्रश्न विचारलाच जात नाही. प्रशिक्षणात दोघीदोघींच्या जोड्या करून, एकीने आई आणि दुसरीने आशा होऊन, पिणं आणि रडणं यांबद्दलचे ते दोन प्रश्न घरच्या भाषेत पाच-सहा वेळा विचारून घेतले तर अर्ध्या तासाचं काम आहे.

देखरेखही सहीपुरती नको. गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणारी) आणि आशा यांनी एकाच बाळाचे श्वास एकाच मिनिटात मनातल्या मनात मोजावेत, आकडे वेगवेगळे लिहावेत आणि मगच ताडून पाहावेत. फरक चार-पाचच्या वर गेला तर तिथेच पुन्हा मोजावं. महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने काटा, थर्मामीटर आणि टायमर टेबलावर काढून चालू करून दाखवावा, आणि बटणासारखे दहा सेल गटप्रवर्तकाच्या पिशवीत असावेत.