सव्वा लाखाचा फोन आणि साठ रुपयांची वही

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. भाचा राज्यसेवेची तयारी करतो आहे, आणि त्याला मोठ्या स्क्रीनचा, पेन असलेला सॅमसंगचा अल्ट्रा फोन हप्त्यावर घेऊन द्यायचे तिने जवळजवळ नक्की केले होते. दुकानदाराने तिच्याकडून आधार आणि पॅनच्या प्रतीही मागवून घेतल्या होत्या. इतका महागडा फोन एकाएकी कशासाठी, असे विचारल्यावर तिने मला एक संदेश पुढे पाठवला. तो तिला बचत गटाच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या आणि भाच्याच्या अभ्यासिकेच्या अशा तीन गटांतून आला होता, आणि तीन ठिकाणांहून आला म्हणजे तो खराच असणार, अशी तिची समजूत झाली होती.

संदेशाचा आशय असा आहे. पेनचा मोठा फोन घेतला की विद्यार्थ्याला वही लागत नाही. फोनवर पेनने लिहिलेले कागदावर लिहिल्याइतकेच लक्षात राहते, आणि हे जपानमधल्या एका विद्यापीठाने मेंदूचे स्कॅन काढून सिद्ध केले आहे. त्यामुळे लेखी परीक्षेचा सरावही फोनवरच होतो. स्क्रीन मोठी असल्याने डोळ्यांना त्रास होत नाही. पेनला कधी चार्जिंग लागत नाही. सात वर्षे दुसरा फोन घ्यावा लागत नाही, म्हणून पैसे वसूल होतात. आणि ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी शंभर रुपयांचा पेन आणून आपल्याच फोनवर लिहावे, काम तेच होते.

उत्तरपत्रिका तपासण्यात माझी २२ वर्षे गेली आहेत, म्हणून मी सुरुवात जपानच्या दाव्यापासून करतो. संदेशातले हेच वाक्य सर्वांत घातक आहे, कारण बाकीच्या गोष्टी माणूस दुकानात जाऊन थोड्याफार तरी पारखू शकतो, पण संशोधनाचे नाव घेतले की ताईसारखी माणसे हात जोडून गप्प बसतात.

ते संशोधन खरोखर झालेले आहे. टोकियो विद्यापीठातील कुनियोशी साकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०२१ साली प्रसिद्ध केले. १८ ते २९ वयोगटातील ४८ जणांना त्यांनी एक संभाषण वाचायला दिले, ज्यात दोन काल्पनिक व्यक्ती पुढच्या काही आठवड्यांतले तास, काम देण्याच्या मुदती आणि भेटीगाठी ठरवत होत्या. अशा १४ नोंदी दिनदर्शिकेत उतरवायच्या होत्या. एका गटाने त्या कागदी डायरीत पेनने लिहिल्या, दुसऱ्याने टॅब्लेटवर स्टायलसने, म्हणजे स्क्रीनवर लिहायच्या पेनने, लिहिल्या आणि तिसऱ्याने मोठ्या स्मार्टफोनच्या कीबोर्डवर टाइप केल्या. कागदावर लिहिणाऱ्यांचे काम सुमारे ११ मिनिटांत झाले, टॅब्लेटवाल्यांना १४ मिनिटे लागली आणि फोनवाल्यांना १६. तासाभराने सर्वांना त्या नोंदींवर प्रश्न विचारले गेले आणि उत्तरे देत असताना एमआरआय यंत्रात त्यांच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. स्मरणाशी संबंधित भागांतली हालचाल कागदी डायरीच्या गटात अधिक दिसली, आणि सोप्या प्रश्नांची उत्तरेही त्याच गटाची अधिक अचूक आली.

म्हणजे संदेश ज्या संशोधनाचा दाखला देतो, ते त्याच्याच विरुद्ध साक्ष देते. त्या प्रयोगात स्टायलसने लिहिणारा गट होता, आणि तो कागदाच्या मागे पडला. स्टायलस हातात असूनही, आणि तोही फोनपेक्षा कितीतरी मोठ्या टॅब्लेटवर, कागदाशी बरोबरी झाली नाही. कागदावरच्या खुणा जागच्या जागी राहतात, मजकूर पानाच्या कोणत्या कोपऱ्यात होता, कोणत्या पानाला दुमड पडली होती, हे सारे आठवणीला धरून ठेवते, असे कारण संशोधकांनी सुचवले आहे. ४८ माणसे म्हणजे फार मोठी संख्या नव्हे, आणि वेळापत्रक लिहिणे म्हणजे परीक्षेचे उत्तर लिहिणे नव्हे, हे मला मान्य आहे. पण ज्याला हा प्रयोग पुरावा म्हणून पुढे करायचा आहे, त्याने त्याचा निष्कर्ष उलटा करून सांगू नये. हा संदेश लिहिणाऱ्याने एकतर ते संशोधन वाचलेले नाही, किंवा वाचूनही खोटे लिहिले आहे. या दोहोंपैकी काहीही असले तरी, त्याच्या शब्दावर एका विधवा बाईने दोन वर्षांचे हप्ते डोक्यावर घ्यावेत, हे मला सहन होत नाही.

आता लेखी परीक्षेच्या सरावाचा दावा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे. नऊ पेपर असतात, त्यांतले सात गुणवत्तेसाठी धरले जातात, आणि ते प्रत्येकी २५० गुणांचे आणि तीन तासांचे असतात. तीन तास सलग कागदावर शाईने लिहायचे, खोडाखोड करायची सोय नाही, उत्तर दिलेल्या जागेत बसवायचे, अशी ही परीक्षा आहे. तिचा सराव फोनवर होतो असे म्हणणे म्हणजे विहिरीत पोहायला उतरायचे आहे म्हणून घरातल्या हौदात हात मारण्यासारखे आहे.

मी केवळ तर्कावर थांबलो नाही. माझ्या एका मित्राकडे असा फोन आहे. रविवारी तो फोन आणि वही शेजारी ठेवून मी भाच्याला ७३व्या घटनादुरुस्तीवरचे त्याचेच एक पानाचे उत्तर फोनवर उतरवायला बसवले. ‘महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींना’ एवढ्या दोन शब्दांत पहिली ओळ संपली. फोनची रुंदी ७.८ सेंटिमीटरच्या आत आहे, आणि शिरोरेषेच्या वर वेलांट्या, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे अशी आपली लिपी त्या पट्टीत नेहमीच्या अक्षरात दोन-तीन शब्दांपलीकडे जाऊच शकत नाही. वहीचे एक पान फोनच्या पाच स्क्रीनभर पसरले. हिशेब केला तर ते बरोबरच आहे, कारण या फोनचा संपूर्ण दर्शनी भाग ए-फोर कागदाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा भरतो. झूम करून लिहिले की अक्षर पानावर बारीक उमटते, ही सोय आहे; पण मग लिहिताना पानाचा एक कोपराच दिसतो, आणि आधीच्या परिच्छेदात आपण काय म्हटले ते पाहायला पुन्हा मागे सरकावे लागते. त्यातच मागे कॅमेऱ्यांचे उंचवटे असल्यामुळे टेबलावर ठेवलेला फोन लिहिताना एका कोपऱ्यावर डुगडुगत होता. शेवटी भाच्याने खाली रुमालाची घडी ठेवली. तळहाताला टेकायला जागा नव्हतीच. ओळीच्या शेवटी मनगट फोनच्या कडेवरून खाली घसरत होते. वहीत १२ मिनिटांत होणाऱ्या उत्तराला २१ मिनिटे लागली, आणि ‘मामा, बोटं दुखायला लागली’ असे तो स्वतःहून म्हणाला.

शंभर रुपयांच्या पेनबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण या वाक्याने गरीब घरातल्या मुलांची फसगत होते. सॅमसंगच्या नोट मालिकेत २०११पासून आणि आता अल्ट्रा फोनमध्ये जो पेन येतो, त्याचे तंत्र वाकोम या जपानी कंपनीचे आहे. स्क्रीनच्या काचेखाली तारांच्या जाळीचा एक वेगळा थर असतो आणि तो विद्युतचुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. पेनच्या आत तारेचे वेटोळे असते, ते त्या क्षेत्रातूनच ऊर्जा घेते आणि आपली जागा व दाब त्या थराला कळवते. म्हणूनच फोनला पेन आणि बोट यांतला फरक समजतो, तळहात टेकला तरी रेघोट्या उमटत नाहीत, आणि ०.७ मिलिमीटरच्या टोकाने बारीक अक्षर काढता येते. शंभर रुपयांचा पेन म्हणजे रबराची बोंडी लावलेली दांडी असते. तिला फोन बोटच समजतो. तिचे टोक बोटाइतके जाड असल्याने ‘ष’ आणि ‘प’ सारखेच दिसतात, अनुस्वाराचा ठिपका कुठे पडेल याचा भरवसा नसतो, आणि हात टेकला की तोही बोट म्हणून धरला जातो. उलट दिशेनेही तेच आहे. अल्ट्राचा अस्सल पेन आणून साध्या फोनवर फिरवला तर काहीच उमटत नाही, कारण त्या फोनच्या काचेखाली तो थर नसतो. ज्याला बोटाने मराठी लिहून त्याचा टाइप केलेला मजकूर हवा आहे, त्याला गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये ती सोय फुकट मिळते. तिला शंभर रुपयांचा पेनही लागत नाही आणि सव्वा लाखाचाही.

डोळ्यांचे वाक्य फार वेळ घेण्याच्या लायकीचे नाही. ६.९ इंचांची स्क्रीन असो की ५ इंचांची, आपण ती डोळ्यांपासून वीतभर अंतरावरच धरतो आणि तासन्‌तास जवळ पाहत राहतो. ताण त्या जवळ पाहण्याचा आणि पापणी न मिटण्याचा असतो. अक्षरे मोठी करून वाचता येतात, हे चाळिशी लागलेल्या माणसाला नक्कीच बरे पडते, आणि तेवढ्यापुरते मी ते मान्य करतो. पण भाचा २३ वर्षांचा आहे.

पेनला चार्जिंग लागत नाही, हे निम्मे खरे आहे. लिहिण्यासाठी लागत नाही, ते वर सांगितलेच. २०१८च्या नोट ९ पासून पेनमध्ये ब्लूटूथ आले, त्यामुळे दुरून फोटो काढणे, स्लाइड पुढे सरकवणे अशी कामे होऊ लागली, आणि त्या कामांसाठी पेनला चार्जिंग लागायचे. फोनच्या खोबणीत ठेवले की ते आपोआप व्हायचे. २०२५च्या एस२५ अल्ट्राच्या पेनमधून ब्लूटूथच काढून टाकले आहे. म्हणजे नव्या फोनच्या पेनला चार्जिंग लागत नाही हे खरे, पण त्याचे कारण एक सोय कमी झाली हे आहे, आणि जुन्या जाहिराती पाहून दुरून फोटो काढण्याच्या आशेने कोणी तो घेणार असेल तर त्याची निराशा होईल.

सात वर्षांचा मुद्दाही अर्धाच सांगितला आहे. २०२४च्या एस२४ अल्ट्रापासून सात वर्षे सॉफ्टवेअरचे अपडेट देण्याचे आश्वासन कंपनीने दिले आहे, आणि ही गोष्ट चांगली आहे. पण अपडेट म्हणजे हमी नव्हे. रोज चार्ज होणारी बॅटरी सात वर्षे पहिल्यासारखी चालत नाही, आणि अभ्यासिकेतून दुचाकीवर येताना खिशातून पडून फुटलेली काच अपडेटने जुळत नाही. एस२५ अल्ट्रा भारतात आला तेव्हा त्याची किंमत १,२९,९९९ रुपयांपासून होती. व्याज अजिबात धरले नाही तरी २४ हप्त्यांत महिन्याला ५,४०० रुपयांहून अधिक होतात. दोनशे पानी वही साठ रुपयांना धरली, तर त्या पैशांत दोन हजारांहून अधिक वह्या येतात.

या फोनचा उपयोगच नाही, असे मी म्हणत नाही, आणि ताईलाही तसे सांगितले नाही. ज्या मित्राचा फोन मी आणला तो बांधकामावर अभियंता आहे. उन्हात उभा राहून तो भिंतीचा फोटो काढतो, पेन ओढून त्याच फोटोवर तडा कुठे आहे ते गोल करून दाखवतो, बाजूला माप लिहितो आणि तिथल्या तिथे ठेकेदाराला पाठवतो. पीडीएफ नकाशावर दुरुस्ती करणे, कागद न छापता सही करणे, स्क्रीन बंद असतानाही पेन बाहेर काढून काळ्या पाटीवर लिहावे तसा एखादा आकडा टिपून ठेवणे, ही कामे त्याला दिवसातून वीसदा करावी लागतात. दोन्ही हात वहीला मोकळे नसतात, आणि फोन खिशात असतोच. त्याचे लिहिणे तुटक आहे, चार शब्दांचे आहे आणि लगेच दुसऱ्याला पाठवायचे आहे. अशा माणसासाठी हा फोन योग्य आहे, आणि एवढे पैसे नसतील तर पेन असलेले स्वस्त फोनही मिळतात; मोटोरोलाचा एज ६० स्टायलस एप्रिल २०२५मध्ये २२,९९९ रुपयांना आला होता.

भाच्याला पेनने पीडीएफवर खुणा करण्याची सोय खरोखर हवी आहे, हे बोलता बोलता कळले. अभ्यासिकेत सगळ्या नोट्स पीडीएफमध्येच येतात आणि छापून घ्यायला पानामागे पैसे जातात. तेवढ्यासाठी १० इंची टॅब्लेट पुरतो. गॅलेक्सी टॅब एस६ लाइटसारखा, पेन खोक्यातच देणारा टॅब्लेट २०२०मध्ये २७,९९९ रुपयांना आला होता, आणि त्याच्या १०.४ इंची स्क्रीनवर पानाचा मजकूर डोळे न ताणता वाचता येतो. वापरलेला, चांगल्या स्थितीतला मिळाला तर आणखी कमी पैशांत काम होईल. उत्तरे लिहिण्याचा सराव मात्र वहीतच करायचा, घड्याळ लावून करायचा, हे त्याने रविवारीच मान्य केले होते.

ताईने मग दुकानात फोन करून कागदपत्रे थांबवली. तो संदेश ज्या तीन गटांतून तिला आला, त्या तिन्ही गटांत तिने हा मजकूर पाठवावा, म्हणून मी तो लिहून काढला आहे.